आबांचं इंजेक्शन, रद्द झालेलं विमान आणि ओरोसला गेलेली माझी तक्रार

परवा पासबुक भरून आणलं आणि त्यातली २१,४२० रुपयांची एन्ट्री पहिली आबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "दिल्यानी गो शेवटाक!"

हे पैसे विमान कंपनीकडून आलेत, जानेवारीत रद्द झालेल्या विमानाचे. आठ महिने लागले. तेव्हापासून वाडीतले, शाळेतले, बाजारातले सगळे विचारतायत की कसं केलंस, वकील किती घेतला, मुंबईला किती फेऱ्या झाल्या, म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढूया. वकील घेतला नाही, मुंबईला एकही फेरी झाली नाही, हे आधीच सांगते.

झालं असं की आबांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे आणि त्यासाठी डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं, मुंबईला. पहिली दोन झाली होती, हे तिसरं. डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं की तारीख चुकवू नका, मध्ये खंड पडला तर आधीची मेहनत वाया जाते. ट्रेनचं वेटिंग काही सरकेना आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला रात्रभर बसमध्ये बसवून न्यायची माझी हिंमत नव्हती. गोव्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावर जानेवारी २०२३ मध्ये विमानं सुरू झाली तेव्हापासून आमच्या सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या बाजूच्या लोकांना मुंबई खरंच जवळ आली, नाहीतर गोव्याचा जुना दाबोळी विमानतळ गाठायचा म्हणजे अर्धा दिवस तिथेच. तर मोपा-मुंबई सकाळी ११:२० चं विमान आणि संध्याकाळी पाचची डॉक्टरांची वेळ. दोघांची तिकिटं प्रत्येकी ५,३४०.

सकाळी ८:०५ ला मेसेज आला तेव्हा आमची रिक्षा किरणपाणीच्या पुलावर होती. "ऑपरेशनल कारणांमुळे आपलं विमान रद्द झालं आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व." मी दोनदा वाचलं, आबांना काही बोलले नाही, रिक्षावाल्या भाऊंना म्हटलं चला तसेच, थांबवू नका.

काउंटरवर रांग. पोरगी चोवीस-पंचवीसची, सकाळपासून लोकांचं ऐकून तिचा चेहरा उतरलेला. तिच्यावर ओरडून काही उपयोग नसतो, विमान तिने रद्द केलेलं नसतं आणि तिच्या हातात काही नसतंही. तिने दोन पर्याय दिले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान किंवा रिफंड. मी विचारलं कारण काय, म्हणाली ऑपरेशनल. म्हटलं म्हणजे काय, म्हणाली मॅडम आम्हाला तेवढंच सांगितलंय. मी म्हटलं कागदावर लिहून दे, तर तिला तसं देता येत नव्हतं.

मग मी जे केलं त्याचाच पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला, म्हणून नीट सांगते. तिथेच बाकड्यावर बसून कंपनीच्या कस्टमर केअरच्या पत्त्यावर चार ओळींचा ईमेल टाकला. पीएनआर नंबर, मेसेज किती वाजता आला, आम्ही एअरपोर्टवर आलोय, उद्याचं विमान चालणार नाही कारण आज डॉक्टरांची वेळ आहे, रिफंड पाहिजे, आणि विमान नेमकं कशामुळे रद्द झालं ते लेखी कळवा. ९:४० ची वेळ पडली त्या ईमेलवर. मग डिपार्चरच्या बोर्डाचा फोटो काढला, त्यात आमचं विमान रद्द आणि बाकी दोन कंपन्यांची मुंबईची विमानं वेळेवर दिसत होती. रिफंडचं बोलणं लेखी केल्याशिवाय एअरपोर्ट सोडायचा नाही हे मी शाळेतल्या एका सरांकडून ऐकलेलं, त्यांच्या नावावर नंतर 'नो शो' लागलेला, म्हणजे प्रवासी आलाच नाही असा शेरा, आणि तो काढता काढता त्यांना नाकी नऊ आले होते.

दुपारी सव्वाच्या दुसऱ्या कंपनीच्या विमानाची तिकिटं मिळाली, प्रत्येकी ११,९००. भरले. इंजेक्शन झालं वेळेवर, देवाची कृपा.

परत येताना ट्रेनमध्ये मी म्हटलं आबा, मी हे पैसे मागणार आहे. आबा म्हणाले, "सोड गो, मोठी माणसा ती, तेंच्या नादाक लागून आपल्याक काय गावतला?" आणि मला ते फार लागलं. आबांनी आयुष्यभर असंच सोडलंय. एसटीने अर्ध्या वाटेत उतरवलं तरी सोडलं, खताच्या गोणीत वजन कमी भरलं तरी सोडलं, आणि आमच्याकडे सगळे असेच आहेत, भांडायचं झालं तर गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, शेजाऱ्याशी वीस वर्षं कोर्टात भांडतील पण कंपनीचं नाव आलं की जावंदे, मरांदे. मला वाटतं ह्याचं कारण घाबरटपणा नाहीये. आपल्याला काय मिळायला हवं तेच कोणी सांगितलेलं नसतं, मग मागणार काय.

तर काय मिळायला हवं ते सांगते. विमान वाहतुकीचं सरकारी खातं म्हणजे डीजीसीए, त्यांचा एक नियम आहे, सीएआर सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. नाव किचकट आहे पण कुठल्याही पत्रात हे एवढं लिहिलं की समोरचा सावध होतो, माझा अनुभव. २०१० साली पहिल्यांदा आला आणि नंतर बदलत गेला. त्यात असं आहे की विमान रद्द करायचं असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवायचं आणि प्रवाशाला चालेल तसं दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड द्यायचा. दोन आठवड्यांपेक्षा कमी पण २४ तासांपर्यंत आधी कळवलं तर प्रवाशाला चालेल तसं दुसरं विमान द्यायचं नाहीतर रिफंड. आणि हेही केलं नाही, म्हणजे आमच्यासारखं तीन तास आधी मेसेज पाठवून मोकळे झाले, तर रिफंड द्यायचाच आणि वर रोख भरपाई. विमानाचा प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर ५,०००, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. पण इथे एक मेख आहे. हा आकडा किंवा तुमचं एका बाजूचं बेसिक भाडं अधिक फ्यूएल चार्ज, दोन्हींत जे कमी असेल ते. मोपा-मुंबई सव्वा तासाच्या आसपास, म्हणजे ७,५०० च्या गटात, पण माझ्या तिकिटावर बेसिक आणि फ्यूएल मिळून ४,१५० होते, बाकी कर आणि फिया. म्हणून माणशी ४,१५०, दोघांचे ८,३००. तिकीट काढताना जो पूर्ण आकडा दिसतो तो धरून मागू नका, तिकिटाच्या पावतीत फोड दिलेली असते ती बघा. स्वस्तात तिकीट मिळालं असेल तर भरपाई पण तेवढीच छोटी, हा नियम मला काही पटत नाही, रद्द झाल्यावर होणारे हाल काही स्वस्त नसतात, पण आहे तो असा आहे.

आणि हो, मोबाईल नंबर. आमच्याकडे अर्धी तिकिटं बाजारातल्या एजंटकडे जाऊन काढतात आणि एजंट स्वतःचाच नंबर टाकतो. मग मेसेज जातो एजंटला, तो बघतो दुपारी, आणि कंपनी म्हणते आम्ही कळवलं होतं. नियमात स्पष्ट आहे की प्रवाशाने नीट संपर्क दिलेला नसेल तर भरपाई नाही. माझ्या चुलत दिराचं चतुर्थीला नेमकं असंच झालं, मेसेज आदल्या आठवड्यातच आलेला, एजंटच्या फोनवर. तेव्हा एजंटकडून काढलंत तरी नंबर स्वतःचा टाकायला लावा, समोर बसून.

आता माझं पुढे काय झालं. रिफंड आला पण पैशांत नाही, कंपनीच्या खात्यात क्रेडिट म्हणून, पुढच्या प्रवासाला वापरा म्हणे. मी लिहिलं की क्रेडिट घ्यायचं की पैसे हे प्रवाशाने ठरवायचं असतं, मी पैसे मागितलेत, ९:४० चा ईमेल बघा. चार दिवसांत १०,६८० कार्डावर परत आले. भरपाईचं मात्र उत्तर आलं की विमान खराब हवामानामुळे रद्द झालं होतं, त्यामुळे देणं लागत नाही.

हा मुद्दा खरा मोठा आहे. हवामान, एटीसीचे म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचे आदेश, सुरक्षेचा धोका, पूर, संप, सरकारी निर्बंध अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई द्यावी लागत नाही, आणि ते योग्यही आहे. जुलैत आमच्या किनाऱ्यावर वारा-पाऊस कसा असतो ते आम्हाला कोणी सांगायला नको, तसल्या हवेत विमान उडवू नका असंच मी पण म्हणेन. पण ही होती जानेवारीतली सकाळ. स्वच्छ ऊन. आणि मेसेजमध्ये ऑपरेशनल लिहिलेलं ते उत्तरात हवामान कसं झालं?

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने मला दाखवलं की प्रत्येक विमानतळाचा हवामानाचा रिपोर्ट निघत असतो, मेटार म्हणतात, वारा किती, किती लांबचं दिसतंय, ढग किती उंचीवर, सगळं असतं आणि कोणालाही इंटरनेटवर मिळतं. दिसायला सगळी आकड्यांची आणि अक्षरांची खिचडी पण अर्ध्या तासात वाचायला येतं. त्या सकाळचे मोपाचे आणि मुंबईचे दोन्ही रिपोर्ट काढले, दोन्हीकडे हवा चांगली. विमानं ट्रॅक करायच्या साईटवर बघितलं तर त्याच दोन तासांत मोपाहून दुसऱ्या कंपन्यांची विमानं मुंबईला जाऊन उतरलेली. आणि आमचं विमान ज्या गावाहून मोपाला यायचं होतं तिथून ते सुटलंच नव्हतं. हे सगळे स्क्रीनशॉट आणि माझा बोर्डाचा फोटो एका पीडीएफमध्ये घातले.

मग एअरसेवा. हे विमान वाहतूक मंत्रालयाचं पोर्टल आहे, अ‍ॅप पण आहे, २०१६ पासून. तिथे तक्रार टाकली की ती कंपनीकडेच जाते पण सरकारच्या नजरेसमोरून जाते, त्यामुळे उत्तर देणाऱ्याची भाषा बदलते. इथून मला प्रत्येकी २,००० चं व्हाउचर द्यायला तयार झाले, 'सद्भावना म्हणून'. मी नाही म्हटलं. हा हक्काचा पैसा मागायचा प्रश्न होता, सद्भावनेचा नव्हता. मग कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला लिहिलं, त्यानंतर त्यांच्या वरच्या अपीलेट अथॉरिटीला. ही दोन्ही पदं प्रत्येक विमान कंपनीला ठेवावीच लागतात आणि त्यांचे ईमेल साईटवर द्यावे लागतात, खालच्या बाजूला बारीक अक्षरात सापडतात. अपीलेटचं उत्तर तेच, हवामान. पुरावा मागितला, तो नाही दिला.

ह्याच दिवसांत एका वकील मैत्रिणीने मला सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा एक निकाल वाचायला दिला. तो रेल्वेचा आहे पण आपल्याला अगदी लागू. एक कुटुंब ट्रेनने जम्मूला निघालेलं, तिथून श्रीनगरचं विमान, ट्रेन चार तास लेट झाली आणि विमान चुकलं. ग्राहक मंचाने रेल्वेला भरपाई द्यायला लावली, रेल्वे सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि कोर्टाने सांगितलं की उशीर का झाला आणि तो आपल्या हाताबाहेरचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी रेल्वेची आहे, ते नाही केलं तर भरपाई द्यावी लागेल. मी ते वाचून किती वेळ तशीच बसले. म्हणजे इतके महिने मी हवामान चांगलं होतं हे दाखवत धावत होते, आणि खरं तर हवामान वाईट होतं हे त्यांनी दाखवायचं होतं.

मग नोटीस पाठवली, साध्या मराठीत, रजिस्टर पोस्टाने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. उत्तर नाही. मग ग्राहक आयोग.

इथे सगळ्यांचा गैरसमज असतो म्हणून ठळक सांगते. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना जिल्ह्याचं ठिकाण ओरोस, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरी. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असं नाही. ऑनलाईन भरता येते, आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती. तक्रार, घटनाक्रम, प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रं एवढंच. त्याआधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनला फोन केलात तर तेही कंपनीशी बोलून बघतात, मराठीत बोलता येतं.

आयोगात मी दोन गोष्टी मागितल्या. डीजीसीएच्या नियमाचे ८,३०० आणि दुसऱ्या तिकिटांचा जास्तीचा खर्च, म्हणजे २३,८०० वजा परत आलेले १०,६८०, १३,१२०. हा दुसरा भाग डीजीसीएच्या नियमात बसत नाही, तिथे ठरावीक रक्कमच मिळते. पण सेवेत कमतरता झाली आणि त्यामुळे माझा प्रत्यक्ष खर्च झाला हे आयोगासमोर मागता येतं, म्हणून डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचा कागद, नवीन तिकिटांच्या पावत्या सगळं जोडलं. अर्जाचा आणि त्रासाचा खर्च पण मागितला होता.

नोटीस कंपनीला गेली आणि पहिल्या तारखेच्या आठवडाभर आधी त्यांच्या वकिलांचा फोन. आवाज एकदम मऊ. ८,३०० देतो म्हणाले. मी म्हटलं फरकासकट. दोन दिवसांनी परत फोन, कबूल, पण त्रासाचा खर्च नाही. आबांना विचारलं. आबा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "लिवन घे आधी. मगे तक्रार मागे घी." तसंच केलं, लेखी तडजोड आयोगासमोर ठेवून.

विमान नुसतं लेट झालं तर काय असं बऱ्याच जणींनी विचारलं. देशातल्या विमानाला उशीर झाला म्हणून डीजीसीएच्या नियमात रोख भरपाई नाही, हे खरं वाईट आहे. पण अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास किंवा जास्त लेट असेल तर खाणंपिणं द्यायचं, सहा तासांच्या वर उशीर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, आणि रात्री आठ ते पहाटे तीनमध्ये सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लेट असेल तर हॉटेल. मागितल्याशिवाय क्वचितच कोणी देतं, काउंटरवर जाऊन मागायचं. आणि तिकीट कन्फर्म असून, वेळेवर पोचूनही जागा भरल्या म्हणून चढू दिलं नाही, तर तासाभरात दुसरं विमान दिलं नाही आणि २४ तासांच्या आत दिलं तर भाड्याच्या दुप्पट, कमाल १०,०००, त्याहून उशिरा दिलं तर चौपट, कमाल २०,०००. इथेही बेसिक अधिक फ्यूएलच धरतात.

आखातात जाणाऱ्यांसाठी एक. आमच्याकडची कितीतरी घरं मस्कत, दुबई, कुवेतच्या पगारावर उभी आहेत, आणि पोरं मोपा-मुंबई वेगळं आणि मुंबई-मस्कत वेगळं तिकीट काढतात कारण थोडं स्वस्त पडतं. पहिलं विमान रद्द झालं आणि पुढचं चुकलं तर, दोन्ही एकाच तिकिटावर असतील तरच चुकलेल्या कनेक्शनचा हक्क सांगता येतो. रजा संपून ड्युटीवर हजर व्हायचं असेल तेव्हा तरी एकच तिकीट काढा, हात जोडून सांगते. परदेशी प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागतो, भारत २००९ पासून त्यात आहे, त्यात उशिरामुळे झालेलं नुकसान मागता येतं पण पावत्या लागतात आणि मुदत दोनच वर्षं. आणि कोणाचं पोर युरोपात शिकायला असेल तर त्याला सांगा, युरोपियन युनियनमधल्या विमानतळावरून सुटणारं विमान, कंपनी कुठलीही असो, तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो मिळतात. त्यांचा हा कायदा २००४ सालचा आहे. आपल्याकडे उशिराला असं काही कधी येणार, कोण जाणे.

काल संध्याकाळी खालच्या आळीतल्या मावशी आल्या होत्या, फोन घेऊन. मुलाचं मस्कतचं विमान रद्द, मेसेज नऊ तास आधी, कारण ऑपरेशनल. आबांनीच त्यांना ओट्यावर बसवलं आणि मी चहा टाकेपर्यंत आतून ऐकत होते, आबा विचारत होते, "नंबर कोणाचो दिलो हुतो, तुमचो की एजंटाचो?" नंबर मुलाचाच होता. ईमेल आम्ही रात्रीच पाठवला, ८:५२ ला.